दवाखान्याची वेळ आणि मुलांचे ताट

‘डॉक्टर, मूल काहीच खात नाही’ ही तक्रार बालरोगतज्ज्ञाला परिचित आहे. तपासणीअंती अशा बहुतेक मुलांचे वजन व उंची वयाच्या मानाने समाधानकारक आढळते. अशा वेळी मुलाच्या भुकेपेक्षा घरातील संध्याकाळची चौकशी करणे अधिक उपयोगी ठरते. रात्रीचे जेवण किती वाजता होते, मुलाबरोबर पानावर कोण बसते आणि समोर मोबाइल असतो का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच पुष्कळदा निदान दडलेले असते.

आपल्या इंदूरात संध्याकाळचे दवाखाने रात्री उशिरापर्यंत चालतात. सराफ्यातील खाऊची दुकानेही दागिन्यांच्या पेढ्या बंद झाल्यावरच गजबजतात. आई-वडील दोघेही व्यवसायात, थोरल्या मुलाचा कोचिंग क्लास आणि घरात वृद्ध आजी-आजोबा, अशा कुटुंबात सर्वांनी रोज एकत्र जेवावे हा उपदेश व्यवहार्य नाही. मात्र आठवडा डोळ्यांसमोर ठेवून आखणी केल्यास बरेच काही साधते.

प्रथम वेळ ठरवावी, पदार्थ नंतर

तीन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसभरात दहा ते तेरा तास, तर सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप आवश्यक असते. सकाळच्या शाळेसाठी सहाला उठणारे मूल नऊच्या सुमारास झोपले पाहिजे. म्हणजेच त्याचे जेवण साडेसात-आठपर्यंत आटोपावयास हवे. दहा वाजता घरी येणाऱ्या वडिलांसाठी त्याला ताटकळत ठेवणे हे प्रेमापोटी घडत असले तरी हितावह नाही. भूक मारण्यासाठी मधल्या वेळेत बिस्किटे व शेव पोटात जातात आणि पानावर बसेपर्यंत मूल पेंगुळते.

यावर उपाय असा : रविवारी सकाळी सर्वांच्या कामाच्या वेळा पाहून आठवड्यातील निदान तीन संध्याकाळी एकत्र जेवणासाठी राखून ठेवाव्यात. रविवारची संध्याकाळ बहुतेकांना मोकळी असते. उरलेल्या दोन दिवशी शेवटच्या रुग्णाची वेळ तासभर अलीकडे घ्यावी. इतर दिवशी मुलांबरोबर घरातील एक तरी मोठी व्यक्ती जेवावयास बसावी. नुसती वाढावयास उभी राहू नये. मूल सूचनांपेक्षा अनुकरणाने अधिक शिकते.

‘आज काय करायचे?’ या प्रश्नाचे उत्तर

सात दिवसांसाठी सात पदार्थ ठरविण्यापेक्षा सात प्रकार ठरवावेत. सोमवारी मोड आलेल्या कडधान्याची उसळ, मंगळवारी पालेभाजी व वरण, बुधवारी पिठले-भाकरी, गुरुवारी भाज्या घातलेली मुगाची खिचडी, शुक्रवारी पनीर किंवा अंडी, शनिवारी थालीपीठ व दही, आणि रविवारी अर्थातच माळव्याचे दाल-बाफले. प्रकार निश्चित असला की बाजारात मिळेल त्याप्रमाणे भाजी बदलता येते, खरेदी एकदाच होते आणि संध्याकाळचा गोंधळ टळतो. शनिवारी रात्री भिजविलेली मटकी रविवारी सकाळी फडक्यात बांधली की सोमवारी उसळीस तयार. दाण्याचे कूट आणि आले-लसणाचे वाटण एकदमच करून शीतपेटीत ठेवावे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढाच्या दिवसभराच्या सुमारे २००० कॅलरींच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत आणि धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. आपल्या ताटात भात व पोळी यांचा वाटा याहून बराच मोठा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६७ टक्के बालकांत पंडुरोग आढळला होता. म्हणून उसळीवर वा पालेभाजीवर लिंबू आयत्या वेळी पिळावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते आणि उष्णतेने ते नष्टही होत नाही. जेवणासोबत चहा नको, कारण तो लोहाचे शोषण रोखतो. लहान मुलांना दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक दूध देऊ नये; पोट दुधाने भरले की जेवण मागे पडते.

दोघांच्या दोन जबाबदाऱ्या

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेले सूत्र मला अतिशय उपयुक्त वाटते. काय, केव्हा आणि कोठे वाढावयाचे हे पालकांनी ठरवावे. त्यातील किती खावयाचे आणि खावयाचे की नाही, हे मुलाने. दोन ते सहा या वयात अपरिचित पदार्थाविषयी साशंकता असणे स्वाभाविक आहे. नवी भाजी आवडू लागण्यापूर्वी ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावी लागते. म्हणून दोडक्याची चमचाभर भाजी वाढावी, शेजारी मुलाला हमखास आवडणारे काही असावे, आणि आग्रह, लालूच वा धाक यांस फाटा द्यावा. मोबाइल दाखवून भरविलेला घास पोटात जातो खरा, पण पोट भरल्याची जाणीव हरवते. मात्र वजन घटत असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा मूल सतत मलूल दिसत असेल, तर वाट न पाहता तपासणी करावी.

उरलेले अन्न

शिजविलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा अधिक काळ राहू देऊ नये. भाताच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे : त्यातील काही जीवाणूंचे बीजकण शिजविल्यावरही टिकतात आणि त्यांपासून तयार झालेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. उशिरा येणाऱ्यांचे अन्न उघड्या पातेल्यात न ठेवता उथळ भांड्यात काढून शीतपेटीत ठेवावे व वाफ येईपर्यंत तापवून वाढावे.

हे सारे नियोजन घरातील एकाच स्त्रीच्या शिरावर पडले तर महिनाभरात कोलमडते. यादी एकाने करावी, खरेदी दुसऱ्याने; शेंगा सोलणे व पाने मांडणे ही कामे सहा-सात वर्षांचे मूल आनंदाने करते, आणि स्वतः निवडलेली मेथी चाखूनही पाहते. किशोरवयीन मुलाचे अबोलपण, जेवण टाळणे, उतरलेला चेहरा हे प्रथम लक्षात येण्याची जागाही हेच पान आहे. दिवसभर इतरांच्या मुलांची चौकशी करणाऱ्या आपण डॉक्टरांनी आठवड्यातून तीन संध्याकाळी तरी आपल्या मुलांसमोर बसावे, एवढीच विनंती.