हसविणे सोपे नाही

सोनी मराठी वाहिनीवर २०१८ साली सुरू झालेली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आपण पाहतो. तिच्यातून गौरव मोरे घरोघरी पोचले. ते मुंबईत पवईच्या फिल्टरपाडा वस्तीत वाढले.

नाटकाला दोन-अडीच तास मिळतात. प्रहसनात काही मिनिटांत पात्र उभे करून हशा मिळवावा लागतो. एक विनोद पडला की पुढचा डळमळतो. प्रत्येक भागाला संहिता नवी, पाठांतर नवे. त्यातच एखादी लकब गाजली की प्रेक्षक तीच मागतात आणि नट तिच्यात अडकतो. ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ ही मोरे यांची ओळख अशीच पक्की झाली. वस्तीचे नाव त्यांनी लपविले नाही, मिरविले.

२०२४ साली ते हिंदी हास्य कार्यक्रमात उतरले व त्याच वर्षी हास्यजत्रेचा निरोप घेतला. भाषा बदलली की विनोद कसा निसटतो, हे घरी मराठी व बाजारात कन्नड बोलणाऱ्या राजेश्वरच्या मुलांना सांगायला नको.

पालकांनो, स्नेहसंमेलनात हसविणाऱ्या मुलाची मेहनतही अभ्यासच आहे. मुलांनो, विनोद जरूर करा. मात्र कुणाच्या घरावर वा रूपावर नको.