आत्ता तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का? चेहऱ्यावरचा ताण तिथूनच सुरू होतो!

हा लेख उघडलात तेव्हा तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले होते का? भुवया जवळ आल्या होत्या का? जीभ टाळूला दाबून धरली होती का?

यातल्या एका प्रश्नाचं उत्तर जरी 'हो' असेल, तरी काळजीचं कारण नाही. फोनवर वाचताना, ऑफिसचा मेल लिहिताना, ट्रॅफिकमध्ये गाडी चालवताना अनेकांचा चेहरा नकळत आवळला जातो. संध्याकाळी मग कानशिलं ठणकतात, जबडा जड होतो आणि डोकेदुखीची गोळी घेतली जाते. कधी दाढ दुखतेय म्हणून डेंटिस्टकडे जावं, तर दाढ ठणठणीत आणि एक्स-रे स्वच्छ! कारण दुखणं दाढेचं नसतंच. ते असतं जबडा आवळणाऱ्या स्नायूचं.

खरं तर आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. राग आला की माणूस 'दात-ओठ खातो', चिंता वाढली की कपाळाला 'आठ्या पडतात'. मनातला ताण चेहऱ्यावर कुठे जाऊन बसतो, ते या शब्दांतच सांगितलंय.

नेमकं दुखतं काय?

दोन बोटं कानाच्या थोडी पुढे, गालाच्या मागच्या भागावर ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली एक टणक फुगवटा येईल. हा चावण्याचा मुख्य स्नायू. आता बोटं कानशिलावर ठेवून पुन्हा दात आवळा. तिथेही हालचाल जाणवेल. पंख्यासारखा पसरलेला हा दुसरा स्नायूही जबडाच वर ओढतो. म्हणूनच जबडा दिवसभर आवळलेला राहिला की दुखतं मात्र 'डोकं'.

तिसरी जागा दोन भुवयांच्या मधली. स्क्रीनवरची अक्षरं बारीक असली, उजेड डोळ्यांवर येत असला किंवा चष्म्याचा नंबर बदललेला असला, की आपण डोळे बारीक करतो आणि भुवया आत ओढल्या जातात. तासन्‌तास असंच चाललं की कपाळ जड वाटू लागतं.

दातांनी एकमेकांना टेकायचं तरी किती?

अनेकांना वाटतं, तोंड मिटलं की दात टेकलेले असणारच. पण तसं नाही. जबडा आरामात असतो तेव्हा ओठ मिटलेले असले तरी वरच्या आणि खालच्या दातांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटरची फट असते. खाताना आणि गिळताना दात टेकतात, तेवढंच. दिवसभरातला हा सगळा वेळ एकत्र केला तर तो जेमतेम १५ ते २० मिनिटं भरतो, असा दंतवैद्यकातला जुना अंदाज आहे.

जो स्नायू काही मिनिटांच्या कामासाठी आहे, त्याला सहा-सात तास कामाला जुंपलं तर तो दुखणारच. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने जागेपणी दात आवळण्याची जी व्याख्या केली, तिच्यात दात करकरा चावण्यासोबत दात नुसते टेकवून ठेवणं आणि जबडा ताठ धरून ठेवणं हेही आहे. म्हणजे जोर लावलाच पाहिजे असं नाही. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या पाहणीत ७० टक्क्यांहून जास्त डेंटिस्टांनी दात आवळणारे आणि घासणारे पेशंट वाढल्याचं सांगितलं होतं. दातांना तडे गेल्याच्या तक्रारीही तेव्हा वाढल्या होत्या.

पाच मिनिटांचा मसाज: कसा करायचा?

हात धुवून घ्या, नखं टोचणार नाहीत हे बघा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल आधी काही मिनिटं गालांवर ठेवला तर स्नायू सैल पडायला मदत होते. बोटं सरकण्यापुरते तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. मुरुमं येत असतील तर तेल नकोच.

दाब किती द्यायचा? चिकू पिकलाय का हे बघताना जेवढा देतो, तेवढाच. 'दुखलं तरच फायदा' हा नियम इथे चालत नाही. जोरात दाबलं की स्नायू आणखी आवळला जातो.

१. जबडा: तोंड किंचित उघडं ठेवा. मघाशी सापडलेल्या फुगवट्यावर दोन-तीन बोटांनी छोटे गोल फिरवा, साधारण एक मिनिट. मग गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत बोटं सावकाश खाली आणा. पाच-सहा वेळा पुरे.

२. कानशिलं: बोटांची पेरं टेकवून हळूहळू गोल फिरवा. एखादी जागा जास्त हुळहुळी लागली तर तिथे बोट नुसतं ठेवा आणि तीन-चार संथ श्वास घ्या.

३. भुवया आणि कपाळ: नाकाच्या मुळापासून सुरुवात करून भुवई चिमटीत अलगद धरत बाहेरच्या टोकापर्यंत जा. मग भुवयांपासून केसांच्या दिशेने कपाळावरून बोटं फिरवा. डोळ्यांवर आणि डोळ्यांखाली दाब देऊ नका.

४. मान: शेवटी डोकं आणि मान जिथे मिळतात तिथे, मागच्या बाजूला, अंगठ्यांनी हलका दाब द्या. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर मसाज नको, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात.

दिवसातून एक-दोन वेळा एवढं बास.

रील्समध्ये सांगतात तसं काही होतं का?

मसाजने चेहरा बारीक होतो, जॉलाइन धारदार होते, असे दावे करणारे व्हिडिओ भरपूर दिसतात. सकाळची थोडी सूज मसाजने काही वेळापुरती उतरू शकते. पण हाडाचा आकार बदलत नाही आणि गालावरची चरबी चोळून वितळत नाही. दगडी रोलर असो वा गुआ शाची पट्टी, आपल्या बोटांनी होतं त्याहून वेगळं काही त्यांनी होत नाही.

जॉलाइनसाठी तासन्‌तास कडक च्युइंगम चावण्याचा सल्ला तर उलटाच पडतो. जो स्नायू आधीच थकलाय, त्याच्याकडूनच ओव्हरटाइम करून घेतल्यासारखं होतं ते.

उरलेल्या दिवसाचं काय?

मसाज पाच मिनिटांचा आणि दात आवळणं दिवसभराचं, असं असेल तर आराम टिकणार नाही. मसाजचा मोठा फायदा असा, की सैल जबडा कसा लागतो हे त्यातून समजतं. तीच अवस्था दिवसभरात पुन्हा पुन्हा आणायची आहे. त्यासाठी काही सोप्या सवयी:

- 'न' म्हणा: 'न' म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते आणि दात आपोआप वेगळे होतात. तिथेच थांबा, ओठ अलगद मिटा. जबड्याची आरामाची स्थिती हीच.
- खूण ठेवा: मोबाइलच्या कव्हरवर किंवा लॅपटॉपच्या कडेला एक टिकली चिकटवा. ती दिसली की दात टेकलेत का ते बघा.
- डोळ्यांना सुट्टी द्या: दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. अक्षरांचा आकार वाढवा. डोळे सतत बारीक होत असतील तर नंबर तपासून घ्या.
- जबड्याला भलती कामं देऊ नका: पेन चावणं, नखं खाणं, हनुवटी हातावर टेकवून बसणं, फोन खांदा आणि गालात धरून बोलणं कमी करा.
- संध्याकाळनंतर चहा-कॉफी बेताने घ्या. कॅफिन, दारू आणि तंबाखू यांचा झोपेत दात खाण्याशी संबंध आढळला आहे.

झोपेत दात खात असाल तर?

झोपेतलं दात खाणं मसाजने थांबत नाही. डेंटिस्ट त्यासाठी रात्री लावायचा गार्ड बनवून देतात. त्याने सवय मोडेलच असं नाही, पण दातांची झीज वाचते. सोबत जोरात घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेत श्वास अडकतो का, हे तपासायला हवं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात आवळले जाऊ शकतात, मात्र त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. आणि लहान मूल झोपेत दात खातं म्हणजे त्याला जंतच झालेत, असं नाही. लहानपणी हे बऱ्याच मुलांमध्ये दिसतं आणि मोठं होताना बहुतेकांचं कमी होतं.

मसाज नको, डॉक्टर हवेत अशा वेळा

- चेहऱ्याची एक बाजू अचानक वाकडी झाली, हातातली ताकद गेली किंवा बोबडी वळली: हा पक्षाघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा.
- जबडा दुखतोय आणि छातीत दडपण, घाम किंवा धाप आहे: हृदयविकाराचा झटका असू शकतो. इथेही थांबू नका.
- वय पन्नाशीच्या पुढे, कानशिलात नव्यानेच सुरू झालेलं दुखणं, चावताना जबडा भरून येणं किंवा नजर अंधूक होणं: त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.
- गालात विजेच्या झटक्यासारखी कळ येत असेल तर तो नसेचा आजार असू शकतो.
- जखमेनंतर जबडा ताठ होऊन दातखिळी बसत असेल तर ते धनुर्वाताचं लक्षण असू शकतं.
- गालावर सूज, ताप, पिकलेली मुरुमं असतील किंवा चेहऱ्यावर नुकतीच सर्जरी, फिलर, बोटॉक्स केलं असेल तर विचारल्याशिवाय मसाज करू नका.

गुटखा, मावा किंवा सुपारी खाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक ठेवून तोंडात मावतात का? मावत नसतील, तिखट लागताच तोंडात आग होत असेल, तर तो निव्वळ ताण नसावा. सुपारीमुळे तोंडातली त्वचा आतून कडक होत जाते आणि पुढे त्यातून कॅन्सरचा धोका असतो. इथे मसाजमध्ये गेलेला प्रत्येक महिना महागात पडतो.

बाकी रोजच्या ताणासाठी ना रोलर विकत घ्यायला हवा, ना महागडं तेल. इथपर्यंत वाचता वाचता दात पुन्हा टेकले असतील, तर आत्ताच एकदा 'न' म्हणा, खांदे खाली सोडा आणि मगच पुढचं स्क्रोल करा.