आभाळाची गोधडी आणि रात्रीचा पारा

पौष महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात एक वाक्य हमखास कानावर पडते : "आभाळ आलंय, थंडी पळाली." दोन-चार दिवसांनी आभाळ मोकळे होते आणि पारा धाडकन खाली येतो. निफाड, दिंडोरीचे द्राक्षबागायतदार मग रात्र बागेत काढतात. असे का होते, हे समजले तर उद्या पहाटे काय वाढून ठेवले आहे, याचा बराचसा अंदाज आज संध्याकाळीच बांधता येतो.

दिवसा छत्री, रात्री गोधडी

दिवसा ऊन जमिनीला तापवते आणि तापलेली जमीन हवेला तापवते. म्हणून बारा वाजता सूर्य डोक्यावर असला तरी खरा उकाडा दुपारी दोन-तीनच्या सुमारास होतो. सूर्य मावळला की कमाई बंद आणि खर्च चालू. जमिनीतली ऊब रात्रभर आकाशाकडे निघून जाते. म्हणूनच सर्वात जास्त गारठा मध्यरात्री नसतो, तो सूर्योदयाच्या आसपास असतो.

यात ढग दोन कामे करतात. दिवसा ते छत्रीसारखे ऊन अडवतात, त्यामुळे दुपार गार राहते. रात्री ते गोधडीसारखे पांघरून बसतात. जमिनीतून निघालेली उष्णता ते शोषतात आणि तिच्यातली बरीच परत खाली पाठवतात, त्यामुळे रात्र उबदार जाते. ढग खालचा आणि दाट असेल तर गोधडी जाड. उंचावरचा पिंजलेल्या कापसासारखा ढग म्हणजे विरलेली चादर, तिचा उपयोग थोडाच.

आकड्यांत बघा

नाशिकला जानेवारीत दुपारी साधारण २८-२९ अंश आणि पहाटे १० अंशांच्या आसपास तापमान असते. म्हणजे फरक १८ अंशांचा. ऑगस्टमध्ये दुपारी २७ आणि पहाटे २१, म्हणजे फरक जेमतेम सहा अंशांचा. पावसाळ्यात छत्रीही उघडी आणि गोधडीही अंगावर, हे त्याचे मुख्य कारण. शिवाय ओली जमीन आणि दमट हवा तापमानाला फार हलू देत नाहीत.

आणखी एक गंमत. आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा जुलैच्या चौथ्या आठवड्यात. सूर्य तोच, पण मेमध्ये पारा ३७-३८ अंशांवर आणि जुलैत २८ च्या आसपास. हा दहा अंशांचा फरक पावसाळी ढगांनी आणि ओलाव्याने केलेला. पाऊस परतला, आकाश निवळले की पुन्हा ऊन चटके देते, तीच आपली 'ऑक्टोबर हीट'.

ढग गेला की सावध

हिवाळ्यात उत्तर भारतात हिमवृष्टी आणि पाऊस देणारे पश्चिमी विक्षोभ येतात. त्यांच्यामुळे कधी कधी आपल्याकडेही ढगाळ होते. ते पुढे सरकले की उत्तरेचे कोरडे, थंड वारे उतरतात आणि आकाश स्वच्छ होते. गोधडी काढली आणि वरून गार वारा सोडला, अशी ही अवस्था. फेब्रुवारी २००८ च्या थंडीच्या लाटेत जिल्ह्यातील द्राक्षबागांना मोठा फटका बसला, तो अनेकांच्या लक्षात असेल.

संध्याकाळी तीन गोष्टी बघा. आकाश स्वच्छ आहे का? वारा पडला आहे का? हवा कोरडी आहे का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर पहाट कडाक्याची समजा. वारा असला तर वरची थोडी उबदार हवा खाली मिसळते. हवेत ओलावा असला तर दव पडताना ऊब सुटते आणि पारा सावकाश उतरतो.

वर्तमानपत्रातला आकडा मात्र जसाच्या तसा आपल्या बागेला लावू नका. तो जमिनीपासून सुमारे चार फुटांवरच्या पांढऱ्या पेटीतला असतो. स्वच्छ, निवांत रात्री पान त्याहूनही गार पडते. पेटीत तीन-चार अंश असले तरी पानावर दव गोठू शकते. त्यातच गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहते. नाल्याकाठचे, खोलगट रान माळावरच्या रानापेक्षा थंड राहते ते यामुळेच.

काय करावे?

अशा रात्री विहिरीचे पाणी हलके द्या. ते हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते. शेकोट्या करायच्या तर एक मोठी आग नको, बांधाने जागोजागी छोट्या करा. धुरापेक्षा शेकोटीची ऊब आणि तिच्यामुळे हलणारी हवा जास्त कामाची असते. टायर जाळू नका. पाणी उतरण्याच्या अवस्थेत दिवस-रात्रीचा फरक वाढला की मणी तडकतात, गुलाबी पडतात. त्या काळात पाण्याचा ताण पडू देऊ नका आणि एकदम भरपूर पाणीही देऊ नका.

ढगाळ रात्र उबदार, म्हणून निर्धास्त झोपावे असेही नाही. कोरड्या ढगाळ हवेत द्राक्षावर भुरी, पाने ओली राहिली तर डाउनी, कांद्यावर करपा, गव्हावर मावा आणि हरभऱ्यावर घाटेअळी यांवर नजर ठेवा. फवारणी शिफारशीप्रमाणेच करा आणि काढणी जवळ असेल तर औषधाचा प्रतीक्षा कालावधी मोजा. गव्हाला मात्र थंडी मानवते, फुटवे चांगले येतात. एकाच रात्री शेजारच्या द्राक्षवाल्याची झोप उडते आणि गहूवाला खुश असतो, तो यामुळे.

नोंद ठेवा

हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती नेमून दिलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर. आपल्या गावासाठी कोणते केंद्र धरले आहे, ते विमा भरतानाच विचारून घ्या. ग्रामपंचायतीने एक कमाल-किमान तापमापक सावलीत, हवेशीर जागी बसवून रोज सकाळी नोंद करावी. शेजारी फक्त 'निरभ्र' की 'ढगाळ' एवढे लिहिले तरी पुरे. ही वही विम्याच्या केंद्राची जागा घेणार नाही, पण कोणत्या शिवारात आधी गारठा उतरतो हे दोन हिवाळ्यांत गावाला कळेल. नवी बाग कुठे लावायची आणि कुठे गहू पेरायचा, हे ठरवायला ती कामी येईल.