कायलपट्टणमच्या बोळांतून

तामिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर, तिरुचेंदूरच्या अलीकडे, कायलपट्टणम हे मुस्लिमबहुल गाव आहे. अरबस्तानातून घोडे घेऊन जहाजं लागत ते 'कायल' बंदर मार्को पोलोनं १३व्या शतकात लिहून ठेवलं, ते याच मुलखातलं. पुढं ताम्रपर्णीच्या गाळानं किनारा बदलला, बंदराचा दिमाख ओसरला. जुन्या मशिदींचे दगडी खांब मात्र शाबूत आहेत, अगदी द्राविडी घडणीचे.

गाव पायीच पाहावं. घरांच्या पाठीमागून अरुंद बोळ जातात, ते बायकांचे; परसदारातून त्या एकमेकींकडे ये-जा करतात. पुरुषांनी बोळाच्या तोंडाशीच थांबावं आणि बेगमला पुढं पाठवावं! जुन्या अरवी किताबांत लिपी अरबी, भाषा तमिळ. उर्दू वाचणाऱ्याला अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही.

इथं घर मुलीला देतात. निकाहनंतर जावई तिच्या घरी राहायला येतो. आपल्याकडे बहिणीकडून वाटा 'माफ' करून घेणाऱ्या भावांनी या गल्ल्यांतून एक चक्कर मारावीच. मात्र चार मुलींच्या बापानं चार घरं कुठून उभी करायची, हा हिशेब तिथंही जड जातो.