मोहरीचा दाणा आणि परसातील भाजी

मोहरीच्या दाण्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तथापि तो तीन शुभवर्तमानांत आला असून प्रत्येक ठिकाणी पेरणीची जागा निराळी आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात मनुष्य तो दाणा शेतात पेरतो (१३:३१). संत मार्क नुसता जमिनीचा उल्लेख करतो (४:३१). संत लूक मात्र तो बागेत टाकला असे सांगतो (१३:१९). इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या यहुदी नियमग्रंथात मोहरीची गणना धान्यबियांत केलेली असून ती भाजीच्या वाफ्यात पेरण्यास मनाई आहे. ग्रीक संस्कृतीतील वाचकांसाठी लिहिणाऱ्या लूकला ही अडचण नसावी, असे अभ्यासकांचे मत आहे. मत्तय आणि मार्क पुढे म्हणतात की, हे रोप वाढून सर्व ‘लाखानोन’हून मोठे होते. या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे भाजीपाला! सेमिनरीत आम्ही हा शब्द घोकला खरा. मोहरीचे पान प्रत्यक्ष जिभेवर ठेवण्याचा योग मात्र पुष्कळ वर्षांनी आला.

आपल्या नांदेड-लातूरकडे मोहरीची ओळख फोडणीच्या डब्यापुरतीच आहे. बाजारात मेथी, शेपू, चुका, अंबाडी मिळते; करडईची कोवळी पाने तर मराठवाड्याची खासियतच. मोहरीचा पाला मात्र क्वचितच दिसतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेड येथे देह ठेवला, तेव्हापासून हे नगर शीख बांधवांचे तीर्थक्षेत्र झाले. त्यांच्या पंजाबी स्वयंपाकात हिवाळ्यातील ‘सरसों का साग’ याचे स्थान आपल्याकडील पिठल्यासारखेच जिव्हाळ्याचे आहे. हा पाला आपल्या अंगणातही येऊ शकतो. त्याला जागा थोडी लागते आणि पाणीही बेताचे लागते.

पाण्याचा विषय आपल्याला टाळता येत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. ज्या घराने घागरीसाठी रात्री जागून काढल्या, त्याला परसबागेचा उपदेश करताना संकोच वाटतो. म्हणूनच ही भाजी सुचवावीशी वाटते. ती थंडीतली आहे, महिन्याभरात हाती येते, आणि डाळ-तांदूळ व भाज्या धुतलेल्या पाण्यावर तिचा एक लहान वाफा सहज निभावतो. साबणाचे पाणी मात्र घालू नये.

‘अ’ वर्षी सामान्य काळातील सोळाव्या रविवारी हा दाखला वाचला जातो. परंतु तो रविवार जुलैत येतो आणि तेव्हा पेरणीची घाई करू नये. पाऊस ओसरल्यावर, ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण येतो, तो पहिल्या पेरणीस सोयीचा दिवस. दुसरी पेरणी २ नोव्हेंबरच्या सुमारास केली तर नाताळच्या आधी भाजी ताटात येते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. म्हणून तिच्यात चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. वाफा नसल्यास तळाला भोके पाडलेले जुने घमेले किंवा वीतभर खोल कुंडीही चालते. बी एक सेंटिमीटरपेक्षा फार खोल जाऊ देऊ नये. वाण्याकडील राई बहुधा उगवते. खात्रीसाठी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून तीन-चार दिवस ठेवावेत आणि मोड मोजावेत. कृषी दुकानातील औषध लावलेले बियाणे पेरावे, पण उरलेले कधीही फोडणीत वापरू नये.

रोपे दाट उगवतात. दोन रोपांत वीतभर अंतर राहील अशी विरळणी करावी. उपटलेली कोवळी रोपे हाच पहिला तोडा. नंतर बाहेरची पाने खुडत गेल्यास मधला शेंडा नवी पाने देत राहतो. जानेवारीत ढगाळ हवेत मावा पडतो. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. ऊन वाढले की रोप फुलावर येते आणि पाने राठ व फारच तिखट होतात.

हा तिखटपणा मिरचीचा नव्हे. पानात सिनिग्रिन हे द्रव्य आणि मायरोसिनेज हे विकर वेगवेगळे असतात. पान चावले वा चिरले की ते एकत्र येतात आणि नाकात झिणझिण्या आणणारे तेल तयार होते. उष्णतेने विकर निकामी होते, म्हणून शिजवलेली भाजी सौम्य लागते. झणका हवा असेल त्यांनी आपल्या घोळाण्यात मेथी-कांद्याबरोबर चार-पाच कोवळी पाने चिरून घालावीत. वर मीठ, शेंगदाण्याचे कूट आणि कच्चे तेल. शिजवायची झाल्यास निम्मा पालक वा चाकवत घालावा, भरपूर लसूण आणि हिरवी मिरची घालावी, आणि पंजाबी रीतीच्या मक्याऐवजी ज्वारीचे पीठ लावून घोटावी. गरम भाकरीबरोबर ती उत्तम लागते. या पानांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ती खावी.

बियाण्यासाठी दोन-तीन रोपे राखली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहुधा प्रायश्चित्तकाळातच, शेंगा पिवळ्या पडतात. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. बांधावर आणि कुंपणाशी काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा पिवळा धोत्रा आपल्याकडे सर्वत्र माजतो. त्याचा काळपट, खरखरीत दाणा मोहरीत मिसळला तर सहज ओळखू येत नाही. १९९८ साली दिल्लीत या बियांच्या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने पाय सुजणे, धाप लागणे अशी लक्षणे असलेली जलशोथाची साथ पसरली आणि अनेकांचा बळी गेला. संत मत्तयाने मोहरीच्या दाखल्याच्या लगेच आधी गव्हातील निदणाचा दाखला दिला आहे. त्यातील धनी निदण कापणीपर्यंत वाढू द्या म्हणतो. परसात मात्र पिवळा धोत्रा दिसताच, फूल येण्यापूर्वी, हाताला जाड फडके गुंडाळून मुळासकट उपटावा.