घरची गिटार आणि दूरचे सहाध्यायी

वाद्य शिकूं लागलेल्या मनुष्याचें एक ठरलेलें उत्तर असतें. "हात जरा बसूं द्या, मग ऐकवीन," असें तो घरच्यांस सांगतो, मित्रांस सांगतो आणि मनाशींही म्हणतो. महिने जातात, वर्षें जातात; दार लावून घेतलेल्या खोलींत त्याच चार सुरावटी रोज घोळल्या जातात; पण हात बसल्याचा दिवस कांहीं उगवत नाहीं. पुष्कळांची गिटार अखेर कपाटावर जाऊन पडते, ती आळसापेक्षां या एकटेपणामुळें. यावर अलीकडे एक साधा उपाय रूढ झाला आहे. शिकणारा घरच्या घरीं आपलें वादन मुद्रित करतो आणि इंटरनेटच्या द्वारें तें आपल्यासारख्याच इतर शिकणाऱ्यांस ऐकवितो. ते त्यावर आपलें मत कळवितात आणि आपलेंही वादन पाठवितात.

घरीं ध्वनिमुद्रण करण्याची कल्पना जुनी आहे. गिटारवादकांत तिला खरें वळण अमेरिकेंतील लेस पॉल यानें दिलें. १९४८ सालीं निघालेल्या त्याच्या 'लव्हर' या ध्वनिमुद्रिकेंत आठ गिटारी ऐकूं येतात, आणि त्या आठही त्या एकट्यानेंच वाजविलेल्या आहेत. एक भाग तबकडीवर घ्यावयाचा, ती तबकडी लावून तिच्याबरोबर दुसरा वाजवावयाचा, आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवावयाचे, अशी ती रीत होती. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें कॅसेट आणली, आणि १९७९ सालीं टास्कम कंपनीनें साध्या कॅसेटवर चार भाग निरनिराळे घेणारें यंत्र काढलें. तशाच यंत्रावर ब्रूस स्प्रिंगस्टीन यानें १९८२ च्या आरंभीं आपल्या घरीं कांहीं गाणीं केवळ नमुन्यादाखल मुद्रित केलीं. पुढें साथीदारांसह तीं पुन्हां करून पाहिलीं, तरी पहिला कच्चा नमुनाच सरस वाटला, आणि त्याच वर्षीं 'नेब्रास्का' या नांवानें तोच प्रसिद्ध झाला. आज या सर्व यंत्रांचें काम खिशांतला मोबाइल करतो.

मुद्रणाचा पहिला लाभ दुसऱ्या कोणास ऐकविण्यापूर्वींच होतो. नवशिक्या वादकाचें सारें लक्ष बोटांकडे असतें. गिटारवर 'एफ' हा स्वरमेळ धरावयाचा, तर बहुधा तर्जनी आडवी ठेवून सहाही तारा दाबाव्या लागतात. ती बोटें जुळवितांना हात क्षणभर थांबतो आणि गाण्याची लय तुटते. वादकाला मात्र हें कळत नाहीं. कारण त्या क्षणीं तो ऐकत नसतो, बोटें शोधत असतो. तेंच मुद्रण सायंकाळीं स्वस्थ बसून ऐकलें, कीं तो खंड ठेंच लागल्यासारखा जाणवतो. पहिल्या वेळीं मन खट्टू होतें. परंतु दोष नेमका कोठें आहे हें कळल्यानें दुसऱ्या दिवशींचा रियाज संबंध गाण्याचा न राहतां त्या एका जागेचा होतो.

येथें एक शंका येते. इंटरनेट आहे, तर दोघांनीं एकाच वेळीं बसून कां वाजवूं नये? याचें उत्तर वेळेच्या हिशोबांत आहे. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. दहा फुटांवर बसलेल्या साथीदाराचा ठोका सुमारें ९ सहस्रांश सेकंद उशिरां पोंचतो. तेवढा विलंब खपून जातो. तो तीसच्या आसपास गेला, कीं प्रत्येक जण दुसऱ्यासाठीं थांबूं लागतो आणि लय मंदावत जाते. मुंबई आणि लंडन यांमधील सरळ अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. तेव्हां निव्वळ अंतरापायींच ३६ सहस्रांश सेकंद खर्चीं पडतात. वाटेंतील यंत्रांचा वेळ आणखी निराळा. म्हणून एकानें ठोक्याबरोबर वाजवून मुद्रण पाठवावें आणि दुसऱ्यानें तें ऐकत आपला भाग त्यावर चढवावा, हाच सोयीचा मार्ग उरतो. रीत लेस पॉलचीच; फक्त आतां आठ भाग आठ गांवांहून येतात.

मुद्रणासाठीं खर्चिक साहित्य लागत नाहीं. पंखा बंद करावा, खिडकी लावावी आणि कुकरची शिटी होऊन जाऊं द्यावी. गाद्या, पडदे आणि कपड्यांचें कपाट असलेली खोली उत्तम. तेथें आवाज घुमत नाहीं. मोबाइल गिटारच्या भोकासमोर ठेवल्यास खर्जाचा घुमारा फार येतो. तो वीतदीड वीत अंतरावर, बाराव्या पडद्याच्या सुमारास ठेवावा. वादन आरंभण्यापूर्वीं तारा सुरांत लावून घ्याव्यात. बेसूर तारेवर केलेला रियाज कानास वाईट संवय लावतो.

जुन्या पिढीचे रसिक यावर एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाहीं. गुरूच्या आज्ञेवांचून शिष्यानें चारचौघांत वाजवूं नये, असा आपल्याकडील दंडक. कच्चें वादन लोकांपुढें मांडलें, कीं स्तुतीची चटक लागते आणि शिकणें मागें पडतें. हें खरें आहे. परंतु त्या दंडकानें मना केली होती ती मैफल, तालीम नव्हे. शिष्याचा कच्चा हात गुरु रोज ऐकत असे, गुरुबंधूही ऐकत असत. एकट्या खोलींत पुस्तकावरून किंवा चलच्चित्रांवरून शिकणाऱ्यास हें ऐकणारें कोणी नसतें, आणि तीच त्याची मोठी उणीव होय. वही तपासावयास देणें निराळें, आणि ती वर्तमानपत्रांत छापून आणणें निराळें. आपलें वादन परिचित सहाध्यायांच्या लहान मंडळांत ऐकविणें हें पहिल्या प्रकारांत मोडतें. जगाच्या टाळ्यांसाठीं तें उधळलें, तर आक्षेप जसाच्या तसा उभा राहतो.

अशा मंडळाचा उपयोग त्याच्या रीतीवर अवलंबून असतो. पाठविणाऱ्यानें नेमका प्रश्न विचारावा: "दुसऱ्या कडव्यांत लय धांवते कां?" ऐकणाऱ्यानें "छान, छान" म्हणून सुटूं नये, आणि दहा दोष एकदम मोजूंही नयेत. साधलेली एक गोष्ट सांगावी आणि सुधारण्याजोगी एकच, तीही जागा दाखवून. दुसऱ्याची चूक ओळखतां ओळखतां ऐकणाऱ्याचाही कान तयार होतो. पुष्कळदां आपलीच चूक त्याला दुसऱ्याच्या वादनांत प्रथम सांपडते.

पहिलें मुद्रण मात्र, कितीही ओबडधोबड असलें तरी, पुसूं नये. त्यावर तारीख घालून तें जपावें. रोजच्या रोज होणारी प्रगति वादकाला दिसत नाहीं, आणि म्हणूनच तो निराश होतो. वर्षानें तींच दोन मुद्रणें एकापाठोपाठ ऐकावीं. "हात बसूं द्या" म्हणत ज्या दिवसाची वाट पाहिली, तो कोठें तरी मधेंच येऊन गेल्याचें तेव्हां ध्यानांत येतें.