माडिया-गोंडी येते? दुभाषी सेवेचा धंदा सुरू करण्याआधी हे वाचा

"सर, मला माडिया येते, यातून धंदा होईल का?" असा प्रश्न आपल्या प्रशिक्षणात हमखास येतो. होईल. पण आधी बाजार समजून घ्या.

भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, जिवतीत गोंडी आणि कोलामी. म्हणजे नुसतं "भाषा येते" चालत नाही. कुठल्या भागाची, ते सांगा.

गडचिरोली पोलिसांनी 1990 मध्ये सी-60 पथक उभं केलं, तेव्हा स्थानिक तरुणच घेतले. त्यांना जंगलही माहीत, भाषाही. दुभाषा शोधण्यापेक्षा भाषा येणारा माणूसच घेतला! पण बाहेरून आलेले अधिकारी, कोर्ट, दवाखाना, बँक यांना दुभाषा लागतोच. आपली जागा तिथे आहे.

1. माणूस तपासा. मराठीतला एक जबाब त्याला माडियात बोलायला लावा, रेकॉर्ड करा. दुसऱ्या जाणकाराला ऐकवून परत मराठीत सांगायला लावा. "त्याला पाहिलं"चं "त्याला ओळखतो" झालं, तर एखादा निरपराध माणूस चौकशीत अडकेल. इथे चूक म्हणजे फक्त गिऱ्हाईक जाणं नाही.

2. जीव सांभाळा. "खबऱ्या" ठरवून माओवाद्यांनी या भागात अनेक गावकऱ्यांना मारलंय. म्हणून कारवाईशी जोडलेलं काम घेऊ नका. आरोग्य शिबिर, योजनांचे मेळावे, बँक, कोर्ट इथून सुरुवात करा. जाहिरातीत दुभाष्याचं नाव-फोटो नको. एखादं काम नाकारायचा हक्क त्याला लेखी द्या. ऐकलेली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हेही लिहून घ्या.

3. हिशेब मांडा. समजा दुभाष्याला दिवसाचे 1,200, प्रवास 500, जेवण 200. खर्च झाला 1,900. तुम्ही 2,000 लावले तर हातात 100! त्यात बिल दोन महिने अडकलं, तर दुभाष्याचे पैसे तुमच्या खिशातून. म्हणून दर 2,600 च्या आसपास ठेवा आणि दोन महिन्यांचं खेळतं भांडवल बाजूला काढा.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सरकारी कामासाठी पुढे जेम पोर्टलवर नोंदणी करा.

शेवटी एकच. तुमच्या गावातल्या आजीचं म्हणणं डॉक्टरपर्यंत जसंच्या तसं पोचलं पाहिजे. ते जमलं, की पुढचं काम आपोआप येतं. चला, आजच आपल्या ओळखीतल्या पाच जाणकारांची यादी करा!